अर्ज क्रमांक ४१७, अर्थात सांबराच्या गाडीचं ॲव्हरेज

विषय : जुन्या वेगवान गाडीचे ॲव्हरेज वाढविणे परवडते किंवा कसे, याबाबत.

संदर्भ : श्री. हैबतराव सांबर, राहणार करवंदीची जाळी, यांचा अर्ज. आवक क्रमांक ४१७. दिनांक वाचता येत नाही. कागदावर चहा सांडलेला आहे.

उपरोक्त विषयास अनुसरून, मुलांनो, आपणांस कळविण्यात येते की, एका जंगलात हैबतराव नावाचं एक सांबर राहत होतं.

सांबर म्हणजे हरणाच्या जातीतला मोठा, शिंगाळ प्राणी. इडलीबरोबर येतं ते सांबार. दोन्हींत एका कान्याचा फरक आहे. वाघाला तो फरक समजत नाही. त्याला दोन्ही खाण्याच्याच वस्तू वाटतात.

हैबतराव करवंदीच्या जाळीत राहत. त्या जंगलात पाणवठा एकच होता. जाळीपासून तो पाऊण कोसावर, आणि मधे उघडा माळ. माळाच्या कडेला वाघ राहत असे. तोच त्या जंगलाचा राजा. राजाने पाणवठ्याच्या वाटेवर राहावं, म्हणजे प्रजेच्या अडचणी जवळून पाहता येतात.

हैबतरावांचे आजोबा त्या माळावर गेले. वडील त्याच माळावर गेले. एक मामा गेले. ते तर चार दिवस पाहुणे म्हणून आले होते.

म्हणून हैबतरावांनी गाडी घेतली.

घेतली म्हणजे सापडली. एक राजपुत्र शिकारीला आला होता. त्याची ती लाल गाडी, सहा सिलिंडरची, शर्यतीत पळणारी. वाघ समोर आला तेव्हा राजपुत्राला गाडीपेक्षा झाड जवळचं वाटलं. झाडावरून उतरून तो तडक राजधानीला गेला आणि शाकाहारी झाला. गाडी राहिली.

हैबतरावांची शिंगं आत मावेनात, म्हणून त्यांनी टप काढून टाकला. शेजारच्या सीटवर त्यांच्या पत्नी सगुणाबाई बसू लागल्या. किल्ली फिरवली की गाडी अशी काही गुरगुरे की झाडावरची कच्ची बोरं गळून पडत. पहिल्या दिवशी वाघ मागे धावला. शंभरएक पावलं धावला, भरपूर धूळ खाल्ली आणि खोकत परत गेला. त्यानंतर तो कधी उठला नाही. गाडीचा आवाज आला की नुसती कूस बदलायचा.

अशी बारा वर्षं गेली. बारा वर्षांत सांबरांच्या घरातलं कोणी माळावर गेलं नाही.

मुलांनो, एखादी गोष्ट बारा वर्षं नीट चालली की ती कशासाठी आणली होती, हे माणूस विसरतो. सांबरही विसरतं.

गाडी मोहाच्या अर्कावर चालायची. सगुणाबाई मोहाची फुलं वेचत, वाळवत, टोपल्या भरून ठेवत. तीन टोपल्या फुलांचा एक बुधला अर्क निघे. गाडी तो आनंदाने पिई आणि पाणवठ्यावर जाऊन येई. कोणाची तक्रार नव्हती.

मग एके दिवशी पाणवठ्यावर भास्करराव भेकर भेटले.

भेकर हा हरणाचाच एक प्रकार. चणीने लहान, पण भुंकतो. भास्कररावांकडे पत्र्याच्या डब्याएवढी एक गाडी होती. ते ती रोज धूत. चालवत फारसे नसत, कारण त्यांचं घरच पाणवठ्याच्या काठावर होतं.

"काय हैबतराव, किती देते?" भास्कररावांनी विचारलं.

"कोण?"

"गाडी हो! ॲव्हरेज किती देते?"

इथे एक शब्द समजून घ्या, मुलांनो. ॲव्हरेज हा शब्द मूळचा साहेबाचा. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ बेताचं, चारचौघांसारखं, ना धड बरं ना धड वाईट. आपल्याकडे तो आला आणि गाडीला चिकटला. गाडी एका बुधल्यात किती कोस जाते, ते तिचं ॲव्हरेज. आपण सहसा कोणाला पगार विचारत नाही, वय विचारत नाही. पण गाडीचं ॲव्हरेज अनोळखी माणूससुद्धा काच खाली करायला लावून विचारतो.

हैबतरावांना आठवावं लागलं. बारा वर्षांत हा प्रश्न कोणी केला नव्हता.

"सहा," ते म्हणाले.

"सहा?" भास्करराव भुंकले. ते अख्ख्या जंगलाने ऐकलं. "अहो, माझी पंचवीस देते! सहा म्हणजे गाडी पोसताय की हत्ती?"

पाणवठ्यावरची चितळं हसली. एक म्हैस हसली, आणि म्हशीचं हसणं फार वेळ चालतं. हैबतराव पाणी न पिताच घरी आले.

"अगं, आपली गाडी पिते," ते सगुणाबाईंना म्हणाले.

"बारा वर्षं पितेय. तुम्हाला आज वास आला?"

"भेकराची पंचवीस देते."

"भेकराच्या मागे वाघ लागतो का?"

"प्रश्न वाघाचा नाहीये. प्रश्न ॲव्हरेजचा आहे."

"फुलं मी वेचते. वाकते मी. माझी पाठ बोलत नाही, तर तुम्ही का कण्हताय?"

हैबतराव उठले आणि तडक मिस्त्रीकडे गेले.

मिस्त्री म्हणजे दगडू अस्वल. वडाच्या ढोलीत त्याचं गॅरेज होतं. अस्वलांना मोहाची फुलं किती आवडतात ते तुम्हाला ठाऊक असेलच. दगडू मिस्त्री आपली मजुरी मोहाच्या फुलांतच घेई. अशा मिस्त्रीकडे मोहाची बचत करायला जाऊ नये, हे तुम्हाला कळलं. हैबतराव शिकलेले होते.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं. नाक आत खुपसलं. डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला.

"मालक, ही गाडी नाही, व्यसन आहे. आपण हिला माणसांत आणू."

पहिल्यांदा त्याने कार्बोरेटर बदलला. जुन्याचं भोक मोठं होतं; नव्याचं मुंगीला अंग चोरून जावं लागेल एवढं. ॲव्हरेज सहावरून नऊ झालं. गाडीची गुरगुर गेली आणि तिच्या जागी दम्याच्या रोग्यासारखी एक शीळ आली.

"आवाज गेला वाटतं?" हैबतरावांनी विचारलं.

"आवाज म्हणजे वाया गेलेला अर्कच की, मालक. आपण तो आता पोटात ठेवला."

हैबतरावांना हे फार पटलं. त्यांनी घरी येऊन ते सगुणाबाईंना दोनदा सांगितलं.

मग टायर बदलले. रुंद टायर काढले आणि सायकलीला शोभतील असे अरुंद घातले. ॲव्हरेज अकरा झालं. मग वजनाकडे लक्ष गेलं. जादा चाक काढलं, जॅक काढला, मागची सीट काढली. ॲव्हरेज तेरा झालं. मिस्त्री गाडीभोवती फेऱ्या मारू लागला आणि शेवटी सगुणाबाईंच्या सीटपाशी थांबला.

"ही कशाला लागते?"

"त्यावर ही बसते."

"रोज?"

हैबतराव विचारात पडले. रोज लागते का, असं पाहायला गेलं तर कुठलीच गोष्ट रोज लागत नाही. सीट काढली. ॲव्हरेज पंधरा.

सगुणाबाई त्या दिवसापासून पाण्याला पायी जाऊ लागल्या. माळाच्या खालच्या अंगाला काट्याकुट्यांनी भरलेला एक नाला होता. त्यातून वाघाला शिरता येत नसे. वाट लांबची होती आणि अंग ओरबाडून निघे. पण मुक्कामाला पोचता येई.

"तुम्हीही चला माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. "नाल्यातून."

"चालत?" हैबतराव म्हणाले. "चाललो तर ॲव्हरेज मोजायचं कसं?"

पंधरावर गाडी अडली. मिस्त्रीने हैबतरावांना चालवायला बसवलं आणि स्वतः लांब जाऊन बघत उभा राहिला. परत आला तो मान हलवत.

"वारा अडतोय, मालक."

"कुठे?"

मिस्त्रीने हैबतरावांच्या डोक्याकडे पाहिलं.

सांबराची शिंगं म्हणजे त्याची इभ्रत. हैबतरावांच्या शिंगांना प्रत्येकी तीन टोकं होती आणि सगुणाबाईंनी त्यांना पसंत केलं ते ती शिंगं पाहूनच. पण शिंगं परत येतात. सांबराची शिंगं आपली आपण गळतात आणि पुन्हा उगवतात. अठराचं ॲव्हरेज मात्र आपलं आपण उगवत नाही. हैबतरावांनी मान पुढे केली. मिस्त्रीने करवत चालवली. ॲव्हरेज अठरा झालं.

सगुणाबाईंनी कापलेली शिंगं उचलून आणली आणि जाळीच्या दारावर बांधली. हैबतरावांना वाटलं, त्यांना पटलं.

शेवटचा उपाय पायाचा होता.

"ॲक्सिलरेटरखाली टिटवीचं अंडं आहे असं समजून पाय ठेवायचा," मिस्त्री म्हणाला.

हैबतराव कोणतीही गोष्ट अर्धवट करत नसत. त्यांनी टिटवीचं खरंच एक अंडं आणलं आणि ॲक्सिलरेटरखाली ठेवलं. रोज पाणवठ्यावर जाऊन यायचं आणि अंडं न फोडता टिटवीला परत द्यायचं, असा करार झाला. टिटवी गाडीवरून उडत येई आणि सारा वेळ किंचाळत राही. तिच्या किंचाळण्याने ॲव्हरेज एकवीस झालं.

मिस्त्रीने जमिनीवर नखाने हिशेब मांडून दाखवला. पूर्वी महिन्याला एकवीस टोपल्या फुलं लागत, आता सहा. महिन्याला पंधरा टोपल्या वाचल्या. मिस्त्रीची मजुरी एकशे ऐंशी टोपल्या. म्हणजे बारा महिन्यांत सगळी वसुली; तेराव्यापासून नुसता फायदा.

हिशेब बिनचूक होता. त्यात एकच गोष्ट गृहीत धरली होती, की तेराव्या महिन्यात हैबतराव असतील.

"आता नोंद करून घ्या," मिस्त्री म्हणाला. "शिक्का नसेल तर भेकर मानायचा नाही."

म्हणून हैबतराव नोंदणी कार्यालयात गेले.

तिथे टेबलामागे एक बगळा होता. शुभ्र कपडे, एका पायावर उभा, डोळे अर्धे मिटलेले. बगळा असा उभा असला की तो ध्यानात आहे की कामात आहे, हे ओढ्यातल्या माशांनाही सांगता येत नाही. अर्जदारांना कुठून येणार?

हैबतरावांनी अर्ज दिला. त्यात लिहिलं होतं : 'माझ्या गाडीचे ॲव्हरेज सुधारले असून तशी नोंद व्हावी, ही विनंती.'

बगळ्याने नोंदवही उघडली. तीत चारच रकाने होते. मालक, रंग, चाके, प्रकार. हैबतरावांच्या नावापुढे लिहिलेलं होतं : लाल, चार, वेगवान.

"ॲव्हरेजचा रकाना नाही," बगळा म्हणाला.

"मग एक आखा की."

"रकाना आखायला वरून पट्टी यावी लागते."

"पण नोंद तर हवी आहे हो."

बगळ्याने अर्ज पुन्हा वाचला. गाडी सुधारली आहे. ॲव्हरेज आहे. मालकाची तशी सही आहे. त्याने 'वेगवान' या शब्दावर शांतपणे एक रेघ ओढली आणि वर लिहिलं : 'ॲव्हरेज'. मग शिक्का मारला.

हैबतरावांना इतका आनंद झाला की त्यांनी शिक्का पाहिला आणि रेघ पाहिलीच नाही.

चौथ्या दिवशी घरी पत्र आलं. 'आपली गाडी आपल्याच विनंतीवरून ॲव्हरेज या प्रकारात वर्ग करण्यात आली आहे. ॲव्हरेज गाड्यांनी बैलगाडीपेक्षा वेगाने जाऊ नये, अशी नियम ९ मध्ये तरतूद आहे. सबब आपल्या गाडीस लगाम बसविण्यात येत आहे. सहकार्य करावे.'

पत्रामागून दोन माकडं आली. त्यांनी ॲक्सिलरेटरला तार बांधली आणि तारेला शिशाचं सील ठोकलं. सीलवर राजमुद्रा होती. जाताना त्यांनी अंडं टिटवीला परत दिलं आणि सांगितलं, आता याची गरज नाही.

सगुणाबाईंनी पत्र वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

"अहो, ही गाडी आपण कशासाठी आणली होती?"

हैबतरावांनी खरोखर आठवून पाहिलं. "तेव्हा आपल्याला अक्कल नव्हती गं. ॲव्हरेज म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं."

"तुमचे वडील कुठे गेले?"

"माळावर."

"आजोबा?"

"माळा..." हैबतराव थांबले. त्यांच्या कापलेल्या शिंगांच्या बुडांना घाम आला.

"आत्ता जा," सगुणाबाई म्हणाल्या. "आणि शब्द बदलून आणा."

हाच तो अर्ज क्रमांक ४१७. 'प्रकार पूर्ववत वेगवान करून लगाम काढण्यात यावा.'

बगळ्याने अर्ज घेतला. "पुरावा?"

"कसला?"

"गाडी वेगवान असल्याचा. वेगात चालवून दाखवा."

"लगाम आहे ना हो!"

"मग लगाम काढून दाखवा."

"बरं, काढा."

"काढतो की. अर्ज मंजूर झाला की लगेच."

"आणि मंजूर कधी होईल?"

"गाडी वेगात चालवून दाखवली की."

हैबतराव थोडा वेळ उभे राहिले. बगळाही उभाच होता. पण त्याला एका पायावर उभं राहायची सवय होती.

"तोवर माझ्या अर्जाचं काय?"

"तो प्रलंबित आहे," बगळा म्हणाला. हे सांगताना त्याच्या आवाजात जी माया होती, ती त्या कार्यालयात इतर कशाबद्दलही कधी कोणी ऐकली नव्हती.

इकडे वाघ आपल्या जागी पडून होता. बारा वर्षं गाडीचा आवाज आला की तो कूस बदलायचा. आता काही दिवस त्याला कूस बदलायला निमित्तच मिळेना. एकच अंग दुखू लागलं. शेवटी एका दुपारी तो उठला आणि माळावर आला.

चालत जाणं अजूनही न पटलेल्या हैबतरावांची लाल गाडी समोरून येत होती. म्हणजे येत असावी. वाघाने एका झुडपाची खूण धरून पाहिलं तेव्हा ती हलते आहे असं त्याला दिसलं.

तो गाडीच्या बाजूने चालू लागला. धावावं लागलं नाही.

"नमस्कार हैबतराव."

"नमस्कार महाराज." हैबतराव म्हणाले. "मी जरा घाईत आहे."

"तसं दिसत नाही."

"नाल्याच्या तोंडाशी मंडळी वाट पाहतायत."

ते खरं होतं. सगुणाबाई नाल्याच्या काठाशी उभ्या होत्या आणि जीव तोडून ओरडत होत्या, "उतरा! उडी मारा! इकडे या!" नाला वीस उड्यांवर होता. सांबराची उडी मोठी असते. अजून वेळ होता, आणि हैबतरावांनी दार उघडलंही.

तेवढ्यात वाघाने, केवळ बोलायचं म्हणून, विचारलं, "ॲव्हरेज किती देते?"

मुलांनो, हैबतरावांच्या काळजात काय झालं ते सांगता येणार नाही. एकवीस झाल्यापासून त्यांना हा प्रश्न एकानेही केला नव्हता. भास्करराव तर विषयच टाळत. किती दिवस ते उत्तर नुसतं तोंडात धरून हिंडत होते!

त्यांनी दार ओढून घेतलं. इंजिन बंद केलं. उभ्या गाडीत अर्क जाळू नये.

"एकवीस," ते म्हणाले.

"काहीतरीच."

"आईशप्पथ! कोणालाही विचारा. पूर्वी सहा होतं."

"सहावरून एकवीस?"

"नोंद आहे महाराज. शिक्का आहे."

"वा!" वाघ म्हणाला. त्याने अगदी मनापासून कौतुक केलं.

मग तो जेवला.

जेवण झाल्यावर वाघाने गाडीकडे पाहिलं. त्याचंही वय झालं होतं. गुडघे बोलू लागले होते. बसून शिकार करता आली तर काय वाईट, असं त्याच्या मनात आलं. तो गाडीत बसला. वजनामुळे ॲव्हरेज एकोणीसवर आलं. पण भक्ष्य पुढे चालत जाई आणि गाडी मागे राही. एका गोगलगायीने तर थांबून त्याला वाट दिली.

तिसऱ्या दिवशी वाघ करवंदीच्या जाळीशी आला. दारावर शिंगं बांधलेली होती. त्याने ओळखीचं काही पाहिल्यासारखी नजर दुसरीकडे वळवली.

"वहिनी आहेत का घरात?"

"आहेत. बाहेर येणार नाहीत," काट्यांच्या आतून सगुणाबाई म्हणाल्या.

"नको, नको. माझं जेवण झालंय."

"माहीत आहे मला."

वाघ जरा खाकरला. "गाडीचं विचारायचं होतं. पळत नाही हो ती."

सगुणाबाई रडत होत्या; आणि रडता रडता त्यांना हैबतरावांनी सांगितलेला बगळा आठवला. त्यांनी डोळे पुसले.

"पळेल की," त्या म्हणाल्या. "आधी वाऱ्यासारखी पळायची. नुसता एक शब्द बदलायचाय. यांनी अर्ज केलेला आहे. क्रमांक चारशे सतरा. तो मंजूर झाला की लगाम निघाला. तुम्ही जरा कार्यालयात जाऊन पाठपुरावा करा."

"पण अर्जदार लागेल ना तिथे?"

"तुमच्याबरोबरच आहेत ते," सगुणाबाई म्हणाल्या.

वाघ कार्यालयात गेला. रांगेतली जनावरं क्षणात पांगली. बगळा तेवढा उभा राहिला.

"चारशे सतरा," वाघ म्हणाला.

"अर्जदार कुठे आहेत?"

"आत."

बगळ्याने वाघाच्या पोटाकडे पाहिलं. "अर्जदाराने समक्ष हजर राहायचं असतं."

"हजरच आहे. याच्याहून हजर कसा राहणार?"

"सही करावी लागेल."

"ते जमणार नाही."

"मग थांबा."

"मी या जंगलाचा राजा आहे!" वाघ गरजला. खिडकीची झडप पडली.

"आहात ना," बगळा म्हणाला. "नियम ९ वर सही आपलीच आहे. सीलवर पंजाही आपलाच. आपलंच सील आपणच तोडलंत, तर उद्या माकडंसुद्धा तोडतील. नियम बदलायचा असेल तर वेगळा अर्ज करा. तो ४१७ निकाली निघाल्यावर घेऊ."

वाघाच्या मनात बगळा खाऊन टाकायचा विचार आला. पण बगळ्यात पिसं फार आणि मांस थोडं. शिवाय बगळा खाल्ला, तर फाईल कुठे आहे ते सांगणार कोण?

वाघ बाकावर बसला.

तो अजून बसतो. रोज सकाळी साडेदहाला गाडीने येतो आणि साडेपाचला गाडीने जातो. मधे बाहेरच्या टपरीवरची भजी खातो. गाडी सोडून त्याला आता पायी चालवत नाही, आणि गाडीतून काही पकडता येत नाही. अर्ज मंजूर होईल त्या दिवशी काय काय खायचं, याची यादी त्याने पाठ केलेली आहे. जंगलाने आपली पाणी पिण्याची वेळ साडेदहा ते साडेपाच अशी करून घेतली. सुट्टीच्या आदल्या दिवशी सगळे दोन दिवसांचं पाणी पितात. भास्करराव भेकरांनी मात्र एका रविवारी उगाच गाडीची काच ठोठावून वाघालाही विचारलं, "किती देते?" गाडी उभी होती. भास्कररावही उभेच होते. त्यानंतर ते दिसलेले नाहीत.

सगुणाबाई दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कार्यालयात जातात, मागच्या दाराने. कधी वारस म्हणून हरकत नोंदवतात. कधी ती मागे घेतात. कधी हैबतरावांच्या हयातीचा दाखला मिळेपर्यंत निर्णय थांबवावा, अशी विनंती करतात. जाताना चितळांनी दिलेले ओढ्यातले चार मासे टेबलावर ठेवतात. काम व्हावं म्हणून मासे देणारी जंगलं पुष्कळ आहेत. काम होऊ नये म्हणून नियमाने मासे देणारं हे एकच.

दारावरची शिंगं त्या रोज पुसतात. त्यांना खाली उतरवायला कोणी सांगितलं तर म्हणतात, "राहू देत. वारा अडतो त्यांनी."

तात्पर्य : जुन्या वेगवान गाडीचं ॲव्हरेज वाढवणं परवडतं. बारा महिन्यांत सगळी वसुली होते. मालकाने तेवढं त्याआधी कोणाच्या जेवणात येऊ नये. आणि ज्याच्या मागे वाघ लागला असेल, त्याने पळण्याच्या भानगडीत पडू नये. पळणारा आज ना उद्या सापडतो. त्यापेक्षा वाघाला एखाद्या अर्जाचा पाठपुरावा करायला लावावं.

सद्यःस्थिती : अर्ज क्रमांक ४१७ प्रलंबित आहे.